मुंबईच्या खानावळी आणि त्यांचे भांडवल

आपल्याच काय, कोणत्याही ज्ञातीच्या जुन्या शिरगणतीचे पुस्तक उघडले, तर पुरुषांच्या नावापुढे नोकरी, वकिली, दुकानदारी असे व्यवसाय आढळतात. स्त्रियांच्या नावापुढे बहुधा ‘घरकाम’ एवढाच शब्द असतो. त्या एका शब्दाखाली एक सबंध धंदा झाकला गेला आहे. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतून पैसे घेऊन परक्या माणसांस जेवू घालणाऱ्या स्त्रियांचा तो धंदा होय. या पैशावर ज्या घरांतील मुले शिकली, त्यांतील काही घरांस आज तो उल्लेख अवघड वाटतो, हे आम्ही जाणून आहो. तथापि आपल्या अनेक भगिनी डबे व लहानसहान समारंभांचे जेवण करून देण्याचा विचार करीत असता हा इतिहास झाकून ठेवणे हिताचे नाही.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेवास ती गिरणी चालू झाली. पुढे कोकणातून व घाटावरून पुरुषांची रीघ लागली. बहुतेकांची बायकामुले गावी राहिली. एकाच खोलीत अनेकांनी पाळीपाळीने पाठ टेकावी, अशी राहणी. कचेरीतल्या बाबूस घरचे जेवण पोचविण्याची सोय १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्या डबेवाल्यांनी केली. परंतु गिरणीकामगाराचे शहरात घरच नव्हते, तेव्हा डबा निघणार कोठून? ही उणीव शेजारच्या खोलीतील एखाद्या स्त्रीने भरून काढली. कुणी विधवा असे, कुणाचा नवरा आजारी वा बेकार. चूल घरात होतीच, हाताला चव होती. चार माणसांच्या भाकरीबरोबर आणखी दहा माणसांची भाकरी थापली, एवढाच काय तो आरंभ. नोंदणी नाही, पाटी नाही, नाव नाही. जेवणाऱ्यास ‘मेंबर’ म्हणत, गैरहजेरीच्या वेळेस ‘खाडा’ धरीत आणि सणावारी वा रविवारी गोडाधोडाचे पान वाढून त्यास ‘फीस्ट’ हे भारदस्त इंग्रजी नाव देत!

येथवर सर्व ठीक. परंतु या धंद्याचे खरे मर्म चुलीपाशी नसून दिनदर्शिकेत आहे, असे आमचे मत आहे. जेवण रोजचे आणि पैसे महिन्याचे. १९३६ च्या वेतन कायद्याने हजार वा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यास महिना संपल्यावर दहाव्या दिवसापर्यंत पगार देण्याची मुभा होती. म्हणजे पहिल्या तारखेस जेवावयास बसलेला मेंबर पुढील महिन्याच्या दहा तारखेस पैसे देणार. दहा मेंबर व दोन वेळचे जेवण धरले, तरी पहिला रुपया हाती येण्यापूर्वी आठशे पाने वाढून होत. एवढे धान्य, तेल, सरपण आणावयाचे कशातून? वाण्याच्या उधारीतून, आणि उधारीवर घेणाऱ्यास भाव वा माल पारखण्याचा अधिकार कोठला? वाणी नाही म्हणाला, तर सावकार अगर पठाण, नाही तर गळ्यातले व पितळेची भांडी गहाण. गिरणीच्या पगाराची वाट पाहण्याचा भार मालकाने कामगारावर व कामगाराने या बाईवर ढकललेला असे. तिच्या कष्टाचे जे उरे, त्यातला मोठा वाटा व्याजात जाई.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती भगिनींनी पापड लाटण्यास आरंभ केला. छगनलाल पारेख यांजकडून घेतलेले ऐंशी रुपये हे त्यांचे भांडवल. तेच पुढचे ‘लिज्जत’. त्यांचे पापड दुकानात विकले जाऊन पैसा लवकर फिरू लागला व लाटणारीस तिची मजुरी रोजच्या रोज देण्याची रीत पडली. खानावळवालीस ही वाट मोकळी नव्हती. ज्याचा पगारच महिन्याने होतो, त्याजपाशी रोख मागावी कशी?

तिच्यासाठी वाट काढली ती प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात उतरलेल्या या बाई पुढे मुंबईत गिरणीकामगारांच्या चळवळीत आल्या. कामगारास जेवू घालणारी स्त्रीही कामगारच आहे, हे त्यांनी ओळखले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते व १९७२ पासून दुर्बळ घटकांस चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना होती. पण तारणावाचून बाईस बँकेच्या दारात उभे कोण करणार? १९७५ साली मोजक्या खानावळवाल्यांस घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी एकमेकींस जामीन राहून बँकेचे कर्ज मिळविले. बँकेने मागितलेले तारण दागिन्याऐवजी शेजारणीच्या शब्दाने पुरे केले, ही गोष्ट आम्हांस या सर्व हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि दहा तारीख आलीच नाही. जो मेंबर वर्षानुवर्षे पानावर बसला त्यास उठ म्हणणे कठीण. वाढत राहावे तर उधारी चढते. अनेक मेंबर गावी गेले ते परतले नाहीत. बाईचे येणे बुडाले, देणे मात्र राहिले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, तशी खानावळीची जुनी पंगतही विरळ झाली. मंडळाने मग समारंभांची व कचेऱ्यांच्या जेवणाची कामे घेण्यावर भर दिला.

या बदलात हिशेबाची बाजू उलटते, तिकडे नव्याने आरंभ करणाऱ्या भगिनींनी अवश्य पाहावे. मुंजी-बारशाच्या जेवणाची आगाऊ रक्कम मागता येते; तीतूनच बाजार होतो. कचेरीचे डबे मात्र पुन्हा महिन्याच्या बिलावर येतात, आणि बिल पास होण्यास किती दिवस लागतील ते कारकुनाच्या मर्जीवर. यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा ठाऊक असावा. नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाने कराराने ठरले तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे थकवू नयेत, आणि थकविल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, अशी त्यात तरतूद आहे.