रसिकांची ध्वनिफीत : भूमिगत हिप-हॉप संगीताच्या इतिहासाचे एक साधन

इतिहासाच्या साधनांची चर्चा आपल्याकडे बहुधा कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि बखरी यांच्यापुरती होते. परंतु ज्या कलेचे पहिले आविष्कार कागदावर उतरलेच नाहीत व ज्यांची दखल व्यापारी दप्तरांनीही प्रारंभी घेतली नाही, अशा कलेचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा, हा प्रश्न अमेरिकेतील हिप-हॉप संगीताच्या अभ्यासकांपुढे सतत उभा असतो. त्याचे उत्तर काहीसे अनपेक्षित ठिकाणी सापडते. या संगीताच्या आरंभीच्या वर्षांचे, आणि पुढे त्याच्या स्वतंत्र वा ‘भूमिगत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेचे, जे अस्सल साधन आज हाती आहे त्याचा मोठा भाग चाहत्यांनी जमवलेला आहे. आणि तो त्यांनी इतिहासाची सेवा म्हणून नव्हे, तर केवळ आवडीपोटी जमवला. या साधनाचे मोल काय, आणि त्यावर कितपत विसंबावे, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या संगीताचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी झाला असे सामान्यतः सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेज्विक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या तरुणीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे उभे करावेत म्हणून एक नाचगाण्याचा जलसा भरवला. संगीताची बाजू तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच ‘कूल हर्क’, याने सांभाळली. हे कुटुंब मूळचे जमैकाचे. क्लाइव्ह १९६७ मध्ये न्यूयॉर्कला आला होता. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तीतील केवळ तालवाद्यांचा तुकडा, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, तो आलटून पालटून लांबवीत न्यावयाचा, ही क्लृप्ती याच हर्कने रूढ केली. त्या जलशाचे हाताने लिहिलेले निमंत्रण प्रसिद्ध आहे. मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट असा प्रवेशाचा दर त्यावर नोंदवलेला आहे. स्थळ, काळ, व्यक्ती आणि मूल्य या चारही गोष्टी सांगणारे असे पत्रक ज्याला मिळाले त्याला अर्धा ताम्रपट मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र एका रात्रीत एखादी कला जन्मते ही कल्पना इतिहासापेक्षा उत्सवाला अधिक मानवणारी आहे. अमेरिकेच्या सिनेटने २०२१ मध्ये या तिथीला मान्यता दिली म्हणून अभ्यासकाने आपला संशय सोडून देण्याचे कारण नाही.

रॅपची पहिली व्यापारी ध्वनिमुद्रिका निघाली ती १९७९ मध्ये. म्हणजे मधली सहा वर्षे ही कला मुद्रिकेवाचूनच वाढली. या काळातील गायन-निवेदन आज जे काही ऐकावयास मिळते ते जलशांत उपस्थित असलेल्यांनी साध्या कॅसेटवर उतरवून घेतले म्हणून. या फिती हातोहात विकल्या जात, त्यांच्या नकला होत, भाड्याच्या मोटारींत त्या वाजत, आणि खांद्यावरून नेता येणाऱ्या मोठ्या वादनयंत्रांतून त्या गल्लोगल्ली पोहोचत.

या फितींचे महत्त्व किती, हे १९७९ च्याच एका प्रसंगावरून ध्यानात येते. ‘शुगरहिल गँग’ या त्रयीच्या ‘रॅपर्स डिलाइट’ या मुद्रिकेने रॅपचे नाव जगभर नेले. त्यांपैकी ‘बिग बँक हँक’ हा न्यू जर्सीतील एंगलवूड येथे पिझ्झाच्या दुकानात काम करीत असे. दुकानात लावलेल्या एका जलशाच्या फितीबरोबर तो म्हणत होता, आणि तेवढ्यावरून सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी त्याला निवडले, असा वृत्तांत सर्वत्र आढळतो. फितीवरील आवाज ब्राँक्समधील ‘ग्रँडमास्टर कॅझ’ याचा होता. हँकने कॅझची पद्यांची वही मागून घेतली आणि तीतील पद्ये मुद्रिकेवर म्हटली. कॅझचे नाव मात्र मुद्रिकेवर कोठेच आले नाही, आणि मोबदलाही आपणास मिळाला नाही असे तो पुढे सांगत आला आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने येथे नवलाची गोष्ट अशी की, चोरीचा पुरावा चोरीच्या मालातच शिल्लक राहिला. हँकच्या तोंडच्या पद्यात एका नावाची अक्षरे एकेक करून उच्चारलेली आहेत, आणि ते नाव हँकचे नसून ‘कॅसानोव्हा’ हे कॅझचे पूर्वीचे नाव आहे. आपल्या अभंगांत व लावण्यांत कर्त्याची नाममुद्रा असते व तीवरून आपण कर्तृत्वाचा निर्णय करतो. येथे तर दुसऱ्याची नाममुद्रा न पुसताच रचना उचलली गेली. व्यापारी मुद्रिकेने जे नाव दडवले ते जलशांना जाणारा, फिती ऐकणारा ब्राँक्समधील साधा श्रोता प्रथम श्रवणीच ओळखू शकत होता. कॅझचा हक्क न्यायालयाने नव्हे, तर श्रोत्यांच्या स्मरणाने टिकवला. हार्लेम वर्ल्ड या सभागृहात डिसेंबर १९८१ मध्ये बिझी बी व कूल मो डी यांच्यात झालेला प्रसिद्ध सवाल-जवाबही असाच फितीवरून सर्वतोमुखी झाला. रॅप म्हणण्याच्या शैलीत तेथून पालट झाला असे मत अनेकांचे आहे, आणि ते ज्याला पारखून पाहावयाचे असेल त्याला त्या फितीखेरीज गत्यंतर नाही.

आता ‘भूमिगत’ या शब्दाविषयी. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच १९४२ चा लढा आठवतो. तसा राजद्रोहाचा वा अज्ञातवासाचा अर्थ येथे अभिप्रेत नाही. मोठ्या कंपन्यांच्या व नभोवाणीच्या व्यवहाराबाहेर, स्वतःच्या पैशाने, थोड्या प्रती काढून चालणारे संगीत, इतकाच त्याचा अर्थ. ही शाखा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्पष्टपणे वेगळी दिसू लागली. कलावंतांच्या मानी स्वभावाबरोबरच त्याला कायदेशीर व आर्थिक कारणेही होती. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्कीने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गीतातील तुकडा विनापरवाना वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. जुन्या मुद्रिकांचे तुकडे जोडून रचना करणे तेव्हापासून खर्चाचे व जोखमीचे झाले. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभरात किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. पूर्वी ४० केंद्रांची कमाल होती. थोड्याच वर्षांत एकट्या ‘क्लिअर चॅनेल’कडे सुमारे १२०० केंद्रे जमा झाली. एकाच ठिकाणी ठरलेली यादी शेकडो गावांत वाजू लागल्यावर अनोळखी कलावंताला तीत जागा उरली नाही. ‘फाँडल एम’, ‘रॉकस’, ‘स्टोन्स थ्रो’ आणि मिनियापोलिसची ‘ऱ्हाइमसेयर्स’ या लहान प्रकाशनसंस्था पुढे आल्या त्या या दशकात.

व्यापारी केंद्रे अशी बंद होत असता विद्यापीठीय नभोवाणीने या संगीताला आसरा दिला, ही गोष्ट आमच्यासारख्या विद्यापीठाच्या आवारात वावरणाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूकेसीआर’ केंद्रावर १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग व बॉबिटो गार्सिया यांचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा मध्यरात्री एकपासून पहाटे पाचपर्यंत चाले. नास, नोटोरियस बी.आय.जी., जे-झी, वू-टँग क्लॅन ही मंडळी नावारूपाला येण्याच्या सुमारास येथे ऐकू येत. ज्या शाळकरी मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठावयाचे असे तो ९० मिनिटांची कोरी कॅसेट लावून जागत बसे, आणि बाजू संपली की ती उलटी. सकाळी तीच फीत मित्रांत फिरे. बिग एल व जे-झी यांनी १९९५ मध्ये या कार्यक्रमात एकत्र म्हटलेली पद्ये ही अशीच पसरली. बिग एलची १९९९ मध्ये हत्या झाली. त्याने आपल्या हयातीत एकच संपूर्ण संग्रह प्रसिद्ध केला असल्यामुळे त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना त्या रात्रीची फीत वगळून चालत नाही.

याच बॉबिटो गार्सिया यांनी १९९५ मध्ये ‘फाँडल एम’ ही संस्था काढली. तिच्याशी निगडित असलेला एक वृत्तांत रसिकाच्या निष्ठेचे स्वरूप दाखवतो. ‘केएमडी’ या गटाचा ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ हा संग्रह १९९४ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने मुखपृष्ठावरील चित्राच्या वादातून प्रसिद्धीपूर्वीच मागे घेतला. आदल्या वर्षी या गटातील सबरॉक हा तरुण मोटारीखाली सापडून मरण पावला होता. त्याचा भाऊ डॅनियल डुमिले काही वर्षे लोकांसमोर आला नाही; आला तो मुखवटा घालून, ‘एमएफ डूम’ या नावाने, आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ऑपरेशन : डूम्सडे’ हा संग्रह ‘फाँडल एम’ने काढला. मधल्या काळात दाबून टाकलेला तो जुना संग्रह चोरट्या नकलांच्या रूपाने चाहत्यांत फिरत राहिला. कायद्याच्या दृष्टीने हे अपहरणच होय. परंतु कंपनीच्या कपाटात जे मृतवत् पडले होते ते लोकांच्या कानांत जिवंत राहिले ते यामुळेच, हेही तितकेच खरे. डूम २०२० मध्ये निवर्तला.

एवढे मान्य करूनही या साधनाची कसून पारख केली पाहिजे. नकलेची नकल होता होता आवाज खरखरीत होतो व शब्द बुजतात. पण त्याहून मोठा दोष निवडीचा. चाहता आवडीचे तेवढे उतरवून घेतो, न आवडणाऱ्याच्या वेळी यंत्र थांबवतो. त्याने काय गाळले याची नोंद कोठेच नसते. शिवाय ‘पूर्वी सारे अस्सल होते, कंपन्या आल्या आणि बिघडले’ हा त्याचा आवडता सिद्धांत. वस्तुतः पहिल्या जलशालाही प्रवेशमूल्य होते! स्त्रियांची उपेक्षा हा तर या संग्रहांचा ठळक दोष म्हणावा लागेल. आरंभीचा जलसा सिंडीने भरवला. ‘फंकी फोर प्लस वन’ मधील शा-रॉक हिची पहिल्या पिढीत गणना होते. तरी फितींच्या देवघेवीत जी नावे तोंडोतोंडी राहिली ती बहुतेक पुरुषांची.

लॉस एंजेलिसमध्ये हा तोल काहीसा सावरलेला दिसतो. तेथील ‘गुड लाइफ’ या आरोग्याहाराच्या उपाहारगृहात खुल्या मंचावर अपशब्द उच्चारण्यास बंदी होती. त्या मंचावर स्वतः रॅप म्हणणाऱ्या एव्हा ड्युव्हर्ने यांनी २००८ मध्ये ‘धिस इज द लाइफ’ हा अनुबोधपट काढला, आणि तीत तेथील स्त्रियांची बाजूही आली. त्याच परंपरेतून निघालेल्या ‘प्रोजेक्ट ब्लोड’वर मार्सिलिएना मॉर्गन यांनी २००९ मध्ये ग्रंथ लिहिला. हार्वर्ड येथील हिप-हॉप संग्रहालय त्यांच्याच पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झाले होते. कॉर्नेल विद्यापीठाचा संग्रह २००७ चा. त्याचा पाया एका खासगी संग्राहकाने दिलेल्या वस्तूंनी घातला, आणि जलशांची शेकडो पत्रके आज तेथे अभ्यासकांस पाहावयास मिळतात.

मुंबईचा उल्लेख येथे करावा लागतो, कारण ही शाखा आपल्या दारीही आलेली आहे. ‘स्वदेशी’ या गटाने मराठीसह अनेक भाषांत रॅप केले आहे. आरे येथील वनभूमीच्या प्रश्नावरचे त्यांचे ‘द वारली रिव्होल्ट’ २०१९ चे. त्यांपैकी गुजरातीत रचना करणारा धर्मेश परमार २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. या मंडळींचे रस्त्यावरचे आणि छोट्या सभागृहांतले म्हणणे कोणी उतरवून घेतले असेल तर ते श्रोत्यांच्या भ्रमणध्वनींत आहे. यंत्र बदलले की ते पुसले जाते, आणि कॅसेटप्रमाणे ते एखाद्या खोक्यात तीस वर्षे पडूनही राहत नाही. ‘साधनांचा संग्रह आधी, इतिहास मागाहून’ हा इतिहासाचार्य राजवाड्यांच्या खटाटोपाचा क्रम होता. त्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली. या विषयाच्या विद्यार्थ्याला त्याकरिता फार दूर जावे लागणार नाही, परंतु ज्या मुलांकडे ही सामग्री आहे त्यांची नावे कोणत्याही सूचीत नाहीत.