बॉस्टनची छापील प्रश्नपत्रिका

१८४५ च्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या शाळांमध्ये तपासनीस आले ते छापील प्रश्नांचे गठ्ठे घेऊन. एका विषयाला एक तास, आणि उत्तरं कागदावर लिहायची. तोवर तिथली वार्षिक परीक्षा म्हणजे सोहळाच असे. पाहुणे जमत, मास्तर निवडक हुशार मुलांना उभं करत, मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवत आणि सगळे समाधानाने घरी जात. मागच्या बाकावरच्या मुलाला काय येतं, हे कळायची सोयच नव्हती.

यामागे एक भांडण होतं. होरेस मान हे १८३७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव. प्रशियातल्या शाळा पाहून आल्यावर त्यांनी छडी आणि घोकंपट्टी यांच्यावर कडक टीका केली. बॉस्टनचे ३१ मास्तर खवळले आणि १८४४ मध्ये त्यांनी मान यांना छापील उत्तर दिलं. तेव्हा मान यांचे मित्र, अंधशाळेचे संचालक सॅम्युएल ग्रिडली हाऊ, शहराच्या शाळा समितीवर निवडून आले. वाद घालण्यापेक्षा मुलांनाच विचारू, असं ठरलं.

सुमारे पाचशे निवडक मुलांनी पेपर लिहिले. बरोबर उत्तरं जेमतेम तीस टक्के. त्यातही समितीला खटकली ती वेगळीच गोष्ट: अमेरिकेने व्यापारबंदी केव्हा लादली ते साल मुलांना येत होतं, पण व्यापारबंदी म्हणजे काय, हे सांगता येत नव्हतं. कृष्णवर्णीय मुलांची स्मिथ शाळा तळाशी होती. तिथल्या शिक्षकांनी मुलांकडून अपेक्षाच ठेवली नव्हती, असं समितीने स्पष्ट लिहिलं. दोष मुलांवर नव्हे, शिकवणाऱ्यांवर आला. काही मास्तरांना जावं लागलं. मूल मात्र एकही नापास झालं नाही, कारण ही परीक्षा मुळात शाळेची होती.

हा मुद्दा पुढे फार लवकर विसरला गेला.

न्यूयॉर्कने १८६५ मध्ये राज्यभर ‘रीजंट्स’ परीक्षा सुरू केली, ती माध्यमिक शाळांना सरकारी पैसा कसा वाटायचा हे ठरवण्यासाठी. १८७८ पासून ती माध्यमिक विद्यार्थ्यांपर्यंत पोचली आणि पुढे तिथल्या पदवीपत्राची किल्ली झाली. मॅसॅच्युसेट्सनेही तोच रस्ता धरला. १९९३ च्या सुधारणा कायद्यातून ‘एमकॅस’ परीक्षा आली, १९९८ पासून ती घेतली जाऊ लागली, आणि २००३ च्या तुकडीपासून ती पास झाल्याशिवाय शाळेचं पदवीपत्र मिळेना. शाळा मोजायला आणलेली फूटपट्टी मुलाच्या गळ्यात पडली ती अशी.

२००२ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने सगळ्या राज्यांना बांधून घेतलं. तिसरी ते आठवी दरवर्षी, आणि हायस्कूलमध्ये एकदा, भाषा व गणिताची चाचणी सक्तीची. पेपर कोणता आणि पास कितीला, हे मात्र ज्या त्या राज्याने ठरवायचं. त्यामुळे एका राज्यात ‘प्रवीण’ ठरणारं मूल शेजारच्या राज्यात काठावर अडकू शकत होतं. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या हिशोबाने वाढलेल्या मराठी आईबापांना न्यू जर्सीहून टेक्ससला बदली झाली की हे सारं पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. २०१५ च्या कायद्याने शाळांना शिक्षा काय करायची ते राज्यांवर सोपवलं, पण चाचण्या कायम ठेवल्या.

मग नोव्हेंबर २०२४. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी पदवीपत्रासाठी एमकॅसची अट मतदानाने काढून टाकली. शिक्षक संघटना अट काढण्याच्या बाजूने उभी होती. परीक्षाच गेली तर गरीब वस्तीतल्या शाळांची दुखणी झाकली जातील, ही विरोधकांची भीती होती, आणि १८४५ ची स्मिथ शाळा आठवली तर ती खोटी म्हणता येत नाही. परीक्षा मात्र गेलेली नाही. दहावीची मुलं अजूनही इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे पेपर देतात. निकाल राज्याकडे जातो, शाळेच्या नावावर नोंदला जातो, आणि मुलाचं पदवीपत्र त्यावर अडत नाही.