बिदागी आणि मजुरी : अमेरिकन वादकसंघाच्या इतिहासाविषयी एक टिपण

गायनवादनाच्या मोबदल्यास मराठीत ‘मजुरी’ म्हणण्याचा प्रघात नाही. त्यास ‘बिदागी’ किंवा ‘मानधन’ म्हणतात. हा भेद केवळ सौजन्याचा नव्हे. मजुरी हक्काने मागता येते. बिदागी बहुधा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. धंदेवाईक वादक कामगारसंघ का स्थापतात, या प्रश्नाचे मर्म या भेदात सापडते. अमेरिकेतील वादकांचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथे १८८६ साली ‘नॅशनल लीग ऑफ म्युझिशियन्स’ ही संस्था निघाली. आपण कलावंत आहोत, कामगार नव्हे, अशी तिच्या अनेक धुरीणांची धारणा असल्याने कामगार महासंघात सामील होण्याचे निमंत्रण तिने नाकारले. परंतु कमी पैशांत वाजविणारा दुसरा मिळताच ज्याचे काम जाई, त्या सामान्य वादकास या प्रतिष्ठेचा काय उपयोग? अखेर १८९६ मध्ये इंडियानापोलिस येथे ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ हा संघ स्थापन होऊन महासंघाशी संलग्न झाला.

तथापि खरी कसोटी यंत्राने लावली. वादकाचे बळ त्याच्या उपस्थितीत असते. तो उठून गेला की संगीत थांबते. १९२७ नंतर बोलपट आले आणि चित्रगृहांतील वाद्यवृंद अनावश्यक ठरले. ध्वनिमुद्रिकेमुळे तर वादक स्वतःचाच प्रतिस्पर्धी बनला : एकदा वाजविलेले संगीत पुढे त्याच्यावाचून वाजू लागले. म्हणून १ ऑगस्ट १९४२ रोजी अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली संघाने ध्वनिमुद्रणाचे काम बंद केले. मुद्रिकांच्या विक्रीतील अंश बेकार वादकांसाठी निधीत जमा करावा, ही मागणी होती. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये, तर आर्. सी. ए. व्हिक्टर व कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ती मान्य केली. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने संघाच्या ताब्यातील अशा निधीस प्रतिबंध केला. १९४८ च्या दुसऱ्या बंदनंतर तो स्वतंत्र विश्वस्ताकडे सोपविण्यात आला.

या लढ्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. गायक संघाबाहेर असल्याने कंपन्यांनी बंदकाळात वाद्यांवाचून केवळ गायकांच्या मुद्रिका काढल्या. शिवाय अनेक शहरांत गोऱ्या व कृष्णवर्णीय वादकांच्या शाखा वेगळ्या होत्या; लॉस एंजेलिस येथील अशा दोन शाखा १९५३ मध्ये एक झाल्या. समान दराची भाषा बोलणाऱ्या संघास समान सभासदत्व मात्र सहज साधले नाही.

तरीही एक निष्कर्ष निघतो. संघामुळे कलेचे मोल उणावले नाही. त्या निधीतून वादकांना ठरलेले वेतन देऊन जनतेसाठी विनामूल्य जलसे करण्यात आले. मजुरीचा हक्क मान्य झाल्यावरच कला श्रोत्यांस विनामूल्य देता आली, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.