विज्ञानाचा डिजिटल पाठ : पाहण्याकडून करून पाहण्याकडे

प्राथमिक शाळेतील विज्ञान हा पाठांतराचा नव्हे, तर करून पाहण्याचा विषय आहे. प्रयोगसाहित्याअभावी मात्र तो बहुतेकदा खडू-फळ्यावरच आटोपतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावांच्या दृष्टीने परस्परसंवादी डिजिटल पाठांचे महत्त्व आहे ते यामुळेच. चित्रफीत पाहताना विद्यार्थी केवळ प्रेक्षक असतो. परस्परसंवादी पाठात तो निवड करतो, चुकतो आणि चुकीचा परिणाम लगेच पाहतो.

पाठ कसा घडतो?

पाठाची सुरुवात संगणकावर नव्हे, विद्यार्थ्यांच्या गैरसमजातून होते. उदाहरणार्थ, विद्युत घटापासून दिव्यापर्यंत एकच तार जोडली की दिवा लागतो, असे अनेक मुलांना वाटते. पाठात तशी जोडणी करू द्यावी लागते. दिवा लागत नाही, तेव्हा परिपथ पूर्ण का हवा हा प्रश्न मुलांनाच पडतो. त्यानुसार संहिता, चित्रे व निवेदन तयार होते. पुढे वर्गात चाचणी घेऊन त्यात दुरुस्त्या केल्या जातात.

राज्यातील वाटचाल

परितेवाडी (जि. सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. तथापि, कोड हे केवळ प्रवेशद्वार आहे. आत चित्रफीतच असेल, तर विद्यार्थी पुन्हा प्रेक्षकच ठरतो.

'फ्लॅश'चा धडा

एकेकाळी असे बहुसंख्य पाठ 'फ्लॅश' तंत्रावर बेतलेले असत. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार थांबवला आणि रूपांतर न झालेले पाठ नेहमीच्या ब्राउझरवर निरुपयोगी ठरले. त्यामुळे खुले तंत्र निवडणे आणि मूळ संहिता जपून ठेवणे आवश्यक ठरते.

भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाने आपले पाठ एचटीएमएल ५ मध्ये आणले. ते मोफत असून अनेक पाठ मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतल्यास ते इंटरनेटविना चालतात. ग्रामीण शाळांसाठी हीच बाब कळीची आहे.

पडदा हा प्रयोगाला पर्याय मात्र नव्हे. पडद्यावरचा दिवा लागल्यावर त्याच तासाला खरा घट, तार आणि दिवा विद्यार्थ्याच्या हाती आला, तरच तो पाठ पूर्ण झाला असे म्हणता येईल.