मुंबई विद्यापीठातील अभ्यासक्रम मंजुरी प्रक्रिया

मुंबई विद्यापीठातील अभ्यासक्रम मंजुरी प्रक्रिया म्हणजे विद्यापीठाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बदल सुचविणे, त्यांची छाननी करणे आणि त्यांना अंतिम मान्यता देणे यासाठी कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती होय. ती प्रामुख्याने तीन पायऱ्यांची आहे: अभ्यास मंडळ, विद्याशाखा आणि विद्यापरिषद. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा या प्रक्रियेचा आजचा कायदेशीर आधार आहे. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्यामुळे मुंबईत संमत झालेला अभ्यासक्रम पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील डहाणू आणि तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतील संलग्न महाविद्यालयांनाही जसाच्या तसा लागू होतो.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. आरंभी विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे कार्य होते आणि अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होत असे. अभ्यासक्रम ठरविणारी संस्था एक आणि शिकविणाऱ्या संस्था अनेक ही रचना तेव्हापासून आजतागायत बहुतांशी टिकून आहे.

अभ्यासक्रमातील बदलांवरील वाद विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांतच सुरू झाले. १८६० च्या दशकात मराठी, गुजराती यांसारख्या देशी भाषांना पदवी परीक्षांतून वगळण्यात आले. त्यांना पुन्हा स्थान मिळावे यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विद्यापीठाच्या सिनेटमध्ये दीर्घकाळ प्रयत्न केले. विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए. परीक्षेत मराठीचा समावेश झाला. काही बैठकांत झालेला एक निर्णय बदलण्यासाठी अनेक दशके लागली, याचे हे ठळक उदाहरण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठाचा कारभार क्रमाने १९५३ व १९७४ चे मुंबई विद्यापीठ अधिनियम आणि महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ यांनुसार चालला. २०१६ चा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. राज्यातील कृषी विद्यापीठे आणि आरोग्यविज्ञान विद्यापीठ यांच्यासाठी स्वतंत्र कायदे असल्याने त्यांच्या अभ्यासक्रमांना पुढे वर्णन केलेली प्रक्रिया लागू होत नाही.

प्रक्रियेतील प्राधिकरणे

अभ्यास मंडळ

प्रत्येक विषयासाठी किंवा विषयगटासाठी एक अभ्यास मंडळ असते. विद्यापीठाच्या संबंधित विभागाचे प्रमुख, कुलगुरूंनी अधिष्ठात्यांशी विचारविनिमय करून नामनिर्देशित केलेले शिक्षक, संलग्न महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांमधून निवडून आलेले तीन सदस्य, तसेच अन्य विद्यापीठांतील व उद्योग-संशोधन क्षेत्रांतील स्वीकृत तज्ज्ञ यांचा त्यात समावेश होतो. अभ्यासक्रम तयार करताना किंवा सुधारताना त्या विषयात मागील वर्षी सर्वोच्च स्थान मिळविलेल्या विद्यार्थ्यांना चर्चेसाठी निमंत्रित करण्याचीही कायद्यात तरतूद आहे.

अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, पूरक वाचन व संदर्भग्रंथ यांची शिफारस करणे हे मंडळाचे मुख्य काम आहे. प्रत्यक्ष मसुदा बहुधा मंडळाने नेमलेली उपसमिती तयार करते. नव्याने सुरू होणाऱ्या विषयासाठी नियमित मंडळ अस्तित्वात नसल्यास तदर्थ अभ्यास मंडळ नेमले जाते.

विद्याशाखा

२०१६ च्या अधिनियमानुसार विद्यापीठात चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येक विद्याशाखेचे प्रमुखपद अधिष्ठात्यांकडे असते आणि त्या शाखेतील अभ्यास मंडळांचे अध्यक्ष तिचे सदस्य असतात. एका मंडळाचा प्रस्ताव शाखेतील इतर विषयांशी, श्रेयांकांच्या मर्यादेशी आणि परीक्षापद्धतीशी जुळतो की नाही, हे या पायरीवर पाहिले जाते. विद्याशाखा प्रस्ताव शिफारशीसह पुढे पाठवू शकते किंवा फेरविचारासाठी मंडळाकडे परत करू शकते.

विद्यापरिषद

विद्यापरिषद हे विद्यापीठाचे सर्वोच्च शैक्षणिक प्राधिकरण आहे. कुलगुरू तिचे अध्यक्ष असतात. प्र-कुलगुरू, अधिष्ठाते, प्राचार्य व शिक्षक प्रतिनिधी हे तिचे सदस्य असतात. परिषदेची मान्यता मिळाल्यावर विद्यापीठ परिपत्रक काढून नवा अभ्यासक्रम महाविद्यालयांना कळविते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर विद्यापरिषदेच्या बैठकीची तारीख व बाब क्रमांक छापण्याची प्रथा आहे. अभ्यासक्रम नेमका कोणत्या निर्णयाने लागू झाला, हे त्यावरून कोणत्याही महाविद्यालयाला पडताळता येते.

व्यवस्थापन परिषद आणि अधिसभा या प्राधिकरणांकडे अनुक्रमे प्रशासकीय-आर्थिक कारभार आणि अर्थसंकल्पासह धोरणात्मक चर्चा ही कामे आहेत. विषयांच्या आशयाला मंजुरी देणे त्यांच्या कक्षेत येत नाही.

कुलगुरूंचे तातडीचे अधिकार

बैठकीपर्यंत थांबणे शक्य नसेल अशा तातडीच्या प्रसंगी संबंधित प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने कुलगुरूंना दिला आहे. अशा निर्णयाची कारणे नंतर त्या प्राधिकरणासमोर ठेवावी लागतात. शैक्षणिक वर्ष जूनच्या सुमारास सुरू होत असल्याने, त्याआधी बैठक होऊ न शकल्यास ही तरतूद उपयोगी पडते. मात्र तिच्यामुळे समित्यांतील चर्चा टाळली जाते, असा आक्षेपही घेतला जातो.

वादग्रस्त प्रसंग

२०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही इंग्रजी कादंबरी बी.ए.च्या अभ्यासक्रमातून वगळण्यात आली. भारतीय विद्यार्थी सेनेने कादंबरीतील मजकुरावर आक्षेप घेतल्यानंतर तत्कालीन कुलगुरू राजन वेळूकर यांनी तातडीचे अधिकार वापरून हा निर्णय घेतला होता. मंडळामार्फत नेमलेले पुस्तक मंडळाच्या नेहमीच्या प्रक्रियेशिवाय काढता येते का, हा प्रश्न त्यानंतर शिक्षक व लेखकांनी उपस्थित केला.

२०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या विविध परंपरांवरील निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढला. तेथे निर्णय परिषदेच्या बैठकीत झाला. तथापि निबंधाची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीतील बहुसंख्य सदस्यांचे मत त्याला अनुकूल होते. पहिल्या प्रसंगात समितीला वगळून निर्णय झाला, तर दुसऱ्यात तज्ज्ञमत बाजूला ठेवून झाला. त्यामुळे अभ्यासक्रमाविषयीच्या चर्चेत ही दोन्ही उदाहरणे एकत्र दिली जातात.

श्रेयांक पद्धती व राष्ट्रीय शैक्षणिक धोरण

मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्र व श्रेणी पद्धतीचा अवलंब केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढून पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा ठरविला. विद्यापीठ विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला.

या आराखड्यात प्रमुख विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, व्यावसायिक व कौशल्यवृद्धीचे विषय, भाषाक्षमता, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग असे घटक आहेत. प्रत्येक सत्रात साधारणतः २० ते २२ श्रेयांक असतात. तात्त्विक विषयासाठी एक श्रेयांक म्हणजे सुमारे १५ तासांचे अध्यापन होय. घटकांची चौकट व श्रेयांकांची वाटणी शासनाने ठरविली असून त्या चौकटीत आशय भरण्याचे काम अभ्यास मंडळांकडे राहिले आहे.

डहाणू व तलासरी तालुके

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात येतात. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात सुमारे दोन-तृतीयांश आणि तलासरी तालुक्यात सुमारे नऊ-दशांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा व कातकरी हे येथील प्रमुख समाज आहेत. घरची बोली वारली किंवा कोकणा, शाळेची भाषा मराठी आणि सीमेलगतच्या बाजारात गुजराती अशी भाषिक स्थिती येथे आढळते.

महाविद्यालये

डहाणू तालुक्यात चिंचणी येथील पी. एल. श्रॉफ कला व वाणिज्य महाविद्यालय आणि बोर्डी येथील एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय, तर तलासरी येथे आदिवासी प्रगती मंडळाचे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. तलासरीच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या गोदावरी परुळेकर १९४५ पासून सुरू झालेल्या वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरोधी लढ्याच्या नेत्या होत्या. त्या लढ्यावरील त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

प्रतिनिधित्व

संलग्न महाविद्यालयातील शिक्षकाला अभ्यास मंडळावर येण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: कुलगुरूंचे नामनिर्देशन आणि विभागप्रमुखांच्या मतदारसंघातून निवडणूक. हा मतदारसंघ साती जिल्ह्यांसाठी एकच असतो आणि त्यातून एका विषयाचे केवळ तीन सदस्य निवडले जातात. महाविद्यालयांची मोठी संख्या मुंबई व ठाणे परिसरात असल्याने मतदारही तेथेच अधिक असतात. तालुक्यानुसार किंवा जिल्ह्यानुसार जागा राखून ठेवलेल्या नाहीत. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा पात्र विभागप्रमुख नाही, त्याला त्या विषयाच्या निवडणुकीत मतही नसते.

अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांपैकी एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, परंतु अधिसभा अभ्यासक्रम मंजूर करीत नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने स्थानिक साधनसंपत्ती व परंपरा यांबाबत अधिकार दिले आहेत. विद्यापीठीय अभ्यासक्रम मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही.

अंतराचाही या सहभागाशी संबंध आहे. चर्चगेट ते डहाणू रोड हे रेल्वेचे अंतर १२० किलोमीटरहून अधिक असून उपनगरी गाड्या २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावतात. तलासरी गाव रेल्वेमार्गावर नसून मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर आहे. कलिना येथील बैठकीसाठी तेथील शिक्षकाचा संपूर्ण दिवस खर्ची पडतो.

ऐच्छिक विषयांची मर्यादा

नव्या आराखड्यात खुले ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने स्वतःच्या विद्याशाखेबाहेरील विषयांतून निवडणे अपेक्षित आहे. विद्यापरिषदेने मंजूर केलेली यादी मोठी असली, तरी प्रत्यक्ष निवड महाविद्यालयात उपलब्ध असलेल्या शिक्षकांवर अवलंबून असते. अनेक विद्याशाखा असलेल्या शहरी महाविद्यालयाच्या तुलनेत एक-दोन शाखांच्या ग्रामीण महाविद्यालयात हे पर्याय कमी पडतात. त्यामुळे मंजूर अभ्यासक्रम सर्वांसाठी एकच असला, तरी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मिळणारा अभ्यासक्रम सारखा असतोच असे नाही.

स्थानिक आशयासाठीच्या वाटा

संलग्न महाविद्यालयाला मंजूर अभ्यासक्रमातील घटक बदलता येत नाहीत, परंतु काही वाटा उपलब्ध आहेत. क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग या घटकांत विषयाची निवड स्थानिक पातळीवर होऊ शकते. या दोन तालुक्यांत त्यासाठी विपुल सामग्री आहे: जिव्या सोमा म्हसे यांनी जगापुढे नेलेली आणि भौगोलिक मानांकन मिळालेली वारली चित्रकला, वारली उठावाचा इतिहास, डहाणू-घोलवडचे चिकू उत्पादन, तसेच २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला डहाणू तालुका. याशिवाय महाविद्यालय अल्प मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवू शकते. महाविद्यालयाला स्वायत्त दर्जा मिळाल्यास त्याला स्वतःची अभ्यास मंडळे व विद्यापरिषद स्थापन करून अभ्यासक्रम आखता येतो. त्यासाठी मूल्यांकन श्रेणी, पुरेसे शिक्षक व परीक्षायंत्रणा यांची आवश्यकता असते.

स्थानिक जीवनावर अभ्यासक्रम उभारण्याची परंपरा डहाणू तालुक्याला नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड टेकडीवर ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम केले. पाना-फुलांपासून बनविलेली शैक्षणिक साधने, मुलांच्या वस्तीत भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा हे प्रयोग त्यातून पुढे आले. हे काम पूर्वप्राथमिक व प्राथमिक स्तरावरचे होते. विद्यार्थ्यांच्या परिसरातच अभ्यासक्रमाचा मसुदा घडविण्याची तेथे असलेली मुभा विद्यापीठीय स्तरावरील संलग्न महाविद्यालयाला नाही.

हे सुद्धा पहा

मुंबई विद्यापीठ
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०
पालघर जिल्हा
गोदावरी परुळेकर
ताराबाई मोडक
अनुताई वाघ
वारली चित्रकला