वीज कंपनी बदलण्याचे स्वातंत्र्य : कोणाचे आणि कोणाच्या खर्चाने?

सिमकार्ड बदलता तशी वीज कंपनीही बदला, दरांची तुलना करा आणि स्वस्त पडेल तिच्याकडे जा, असे आता वारंवार सांगितले जाते. ऐकायला हे लोकशाहीचेच बोलणे वाटते. निवड करण्याचा हक्क कोणाला नको असेल? पण हा प्रयोग नवा नाही. मुंबईच्या उपनगरांत तो 2009 पासून घराघरांत झालेला आहे. त्यातून कोणाचे बिल उतरले आणि कोणावर भार आला, हे पाहिल्याशिवाय या घोषणेला टाळ्या वाजवू नयेत.

सुरुवात थोडी मागून करू. मुंबईत 1905 मध्ये बेस्टची मूळ खासगी कंपनी आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 मध्ये तिथे सत्याग्रह झाला. म्हणजे जमीन मावळातल्या कुणब्याची गेली आणि वीज गिरणीमालकाला मिळाली. त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात धागा भरताना तो तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. जास्त पगाराचे हे खाते आमच्या लोकांसाठी बंद होते. बाबासाहेबांनी 1928 च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. यंत्र आले, वीज आली, म्हणून समता आपोआप आली नाही. हा मुंबईच्या विजेचा पहिला धडा आहे.

उपनगरांत वीज देणारी बीएसईएस ही कंपनी 1929 मध्ये स्थापन झाली. शहरातली बेस्ट मात्र 1947 मध्ये महापालिकेच्या मालकीची झाली. एकाच मुंबईत एका भागात सार्वजनिक मालकी आणि दुसऱ्या भागात खासगी, अशी विभागणी तेव्हापासूनची आहे.

या दोन घटनांच्या मधल्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, 1942 ते 1946. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे 25 ऑक्टोबर 1943 रोजी त्यांनी भाषण केले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर लोकहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? असे प्रश्न त्यांनी मांडले. आणि हे सारे कशासाठी, याचे उत्तरही दिले. शेतीवर एवढी माणसे जगू शकत नाहीत, दारिद्र्याच्या चक्रातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी. त्यांच्या विचारात वीज हा केवळ बाजारातला माल नव्हता, ती माणसाला दारिद्र्यातून बाहेर काढणारी शक्ती होती. पुढे 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी झाली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 चे. दर ठरवण्याची जी पद्धत रुळली, तिच्यात उद्योग, दुकाने आणि जास्त वीज जाळणारी घरे खर्चापेक्षा जास्त दर देतात, म्हणून गरीब घराला खर्चापेक्षा कमी दरात वीज मिळते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. ही भीक नाही. एकाच तारेवर जगणाऱ्यांनी एकमेकांचा भार वाटून घेणे आहे. बाबासाहेब ज्याला बंधुता म्हणत, तिचे बिलात उतरलेले हे साधे रूप आहे.

मग 2003 चा वीज कायदा आला. त्याच्या कलम 61 मध्ये क्रॉस सबसिडी कमी करून ती संपवावी, असे लिहिले होते. 2007 च्या दुरुस्तीत ‘संपवावी’ हा भाग गेला, ‘कमी करावी’ राहिले. एक शब्द काढल्याने किती घरांचे दिवे वाचतात, हे कायदा वाचणाऱ्यालाच कळते.

उपनगरांतली कंपनी तोवर रिलायन्सकडे गेली होती. टाटांना घरगुती ग्राहकांनाही वीज विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये दिला. ऑक्टोबर 2009 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने मार्ग आखून दिला : तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची आणि तारांच्या वापरासाठी वहन आकार. बेस्टच्या हद्दीत असे झाले नाही, कारण स्थानिक संस्थेच्या तारा अशा रीतीने दुसऱ्याला वापरू देण्याचे बंधन कायद्यात नाही.

आता गणित पाहा. समजा नव्या कंपनीचा दर युनिटमागे एक रुपयाने कमी आहे. महिन्याला 80 युनिट वापरणाऱ्या घराचे 80 रुपये वाचतील, 1000 युनिट वापरणाऱ्याचे 1000 रुपये. मग आधी कोण जाईल? एसीवाला फ्लॅट आणि मोठे दुकान. आणि वस्तीतल्या घराचा दर खाली धरून ठेवणारे पैसे याच ग्राहकांकडून येत होते. ते गेले की खड्डा पडतो आणि तो मागे राहिलेल्यांच्या दरातून भरावा लागतो. मुंबईत नेमके हेच प्रश्न उभे राहिले. म्हणून 2011 मध्ये कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लागू झाला. ऑगस्ट 2012 मध्ये तर आयोगाने टाटांना सांगितले की, असा बदल तूर्त महिन्याला 300 युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरताच ठेवा. या आदेशावर अपिले झाली. पण बाजार मोकळा सोडला तर तो गरिबाच्या दारी आपणहून जात नाही, हे सरकारी कागदावरच नोंदले गेले.

गॅसशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. सिलिंडरच्या ग्राहकालाही 2014 पासून अनेक जिल्ह्यांत वितरक आणि कंपनी बदलता येते. पण सरकारी कंपन्यांच्या घरगुती सिलिंडरचा दर त्याच ठिकाणी सारखाच असतो. त्यामुळे शेजाऱ्याने वितरक बदलला म्हणून तुमचा सिलिंडर महागत नाही. तिथे तुलना फक्त सेवेची असते. विजेत मात्र श्रीमंताच्या निवडीची किंमत गरिबाच्या बिलात येऊ शकते.

दुसरा प्रश्न, ही निवड करू कोण शकतो? ज्याच्या नावावर मीटर आहे तो. वस्त्यांत काम करताना सतत दिसते की भाडेकरू घरमालकाला पंख्यामागे, बल्बमागे ठरीव पैसे देतो किंवा मालक सांगेल त्या दराने युनिटचे. त्याच्या हातात बिलच येत नाही, तर तो तुलना कशाची करणार? वास्तविक कायद्याचे कलम 43 जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला मागणीनंतर वीज देण्याचे बंधन कंपनीवर घालते. राहणारा हा शब्द आपल्यासाठी आहे. त्यासाठी अर्ज करा.

आणि ज्यांना निवड आहे त्यांनी जाहिरातीतला एकच दर पाहू नये. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि लागू असल्यास अधिभार, हे सर्व आपल्या स्लॅबप्रमाणे एकत्र करूनच तुलना करावी. वीज आकार स्वस्त आणि एकूण बिल महाग, असेही होऊ शकते.

काही मित्र म्हणतात, सरकारी कारभार तरी कुठे धड आहे? चुकीची बिले, तासन्‌तास खंडित वीज. हे खरे आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण मक्तेदारीची चीड आली म्हणून भार वाटून घेण्याची व्यवस्थाच मोडायची का? एकाच तारांवर अनेक कंपन्यांना वीज विकू देणारे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आले आणि स्थायी समितीकडे गेले. जानेवारी 2023 मध्ये नवी मुंबई, ठाणे, भांडुप भागातल्या समांतर परवान्याच्या अर्जाविरुद्ध महाराष्ट्रातील वीज कर्मचारी संपावर गेले. हा विषय पुन्हा येणार आहे.

तेव्हा आपली भूमिका स्पष्ट हवी. निवडीला विरोध नाही. पण नव्या कंपनीने आधी वस्तीत यावे, मग टॉवरमध्ये. जाणाऱ्या मोठ्या ग्राहकाने आपला वाटा भरून जावे. आणि प्रत्येक राहणाऱ्याच्या नावे मीटर असावे. परवान्याच्या आणि दरवाढीच्या प्रस्तावांवर आयोग जनसुनावणी घेतो, तिथे कोणीही हरकत नोंदवू शकतो. कंपन्यांचे वकील तिथे हजर असतातच. आपण असतो का? बाबासाहेबांनी 1943 मध्ये विचारलेला लोकहिताच्या अटींचा प्रश्न तिथे उभे राहून विचारणे हे आता आपले काम आहे.

जय भीम!