अग्नि, उदक आणि ग्रामधर्म

धाराशिव जिल्ह्यांतील येडशी हें गांव बालाघाटाच्या डोंगरांत वसलें आहे. गांवाजवळच्या दरींत रामलिंगाचें देवालय आहे. सीतेसाठीं रावणाशीं झुंजून पडलेल्या जटायूची तहान भागविण्याकरितां श्रीरामानें येथें बाण मारून पाणी काढलें, अशी लोकश्रद्धा आहे. या कथेची शहानिशा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु पाण्याच्या एका ओंजळीसाठीं जेथें देवालाहि धनुष्य उचलावें लागलें, त्या प्रदेशाचा स्वभाव तिच्यांत उतरला आहे खास. उन्हाळ्यांत तेथील वाळल्या गवतास एक ठिणगी पुरते, आणि श्रावणांत, ऐन भाविकांच्या गर्दीच्या दिवसांत, दरींतले ओढे भरून येतात. एकाच गांवास अग्नि व उदक या दोहोंचें भय बाळगावें लागतें.

अशा भयास समाजानें कसें तोंड द्यावें, हा उपदेश आपल्याकडे इंग्रजी राज्याबरोबर आला, असा सुशिक्षितांचा सामान्य समज आहे. आगीचा बंब परकीय खरा; उपदेश मात्र पुष्कळ जुना आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं कौटिल्याचें अर्थशास्त्र प्रसिद्ध केलें, त्यांत या विषयाची चांगलीच व्यवस्था सांपडते. उन्हाळ्यांत गांवकऱ्यांनीं स्वयंपाक घराबाहेर करावा. घरोघरीं पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, आंकडा, कातडी पखाल इत्यादि साधनें सज्ज असावींत. गवती छपरें काढून टाकावींत. रस्त्यांवर व चव्हाट्यांवर पाण्याच्या घागरींच्या रांगा मांडाव्यात. आग लागली असतां जो घरधनी विझविण्यास धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड, आणि भाडेकऱ्यास सहा. दंडांतला हा भेद लक्षांत घेण्यासारखा आहे.

पाण्याविषयींहि तो ग्रंथकार तितकाच दक्ष आहे. पावसाळ्यांत नदीकांठच्या लोकांनीं पुराच्या वाटेवरून दूर राहावें, लांकडें, वेळू व नावा जवळ ठेवाव्यात, आणि वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, ओंडके यांच्या साह्यानें वांचवावें, असें तो सांगतो. जो वांचविण्यास जाणार नाहीं त्यासहि बारा पण दंड आहे. ज्याच्याजवळ तरण्याचें साधनच नाहीं तो मात्र त्यांतून मुक्त. विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या पोराच्या कमरेस वाळलेला भोपळा बांधण्याची आपली खेड्यांतली रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें वाचून कौतुक वाटेल.

शास्त्रांत लिहिलें तें सर्व व्यवहारांत होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. हे दंड कोठें व किती वसूल झाले याचा हिशेब ग्रंथ देत नाहीं. आम्हांस त्यांतील तत्त्व महत्त्वाचें वाटतें. तें असें कीं, संकटाची तयारी संकटापूर्वीं करावयाची असते, आणि शेजाऱ्याचें घर वांचविणें ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे.

पुढें काळ पालटला व हें कर्तव्य शेजाऱ्याकडून सरकारी खात्याकडे व इंजिनियरांकडे गेलें. येडशीचा मुलूख १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होता, त्याच्या राजधानीवर २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसा नदीचा भयंकर पूर आला व हजारों माणसें दगावलीं. राज्यानें विश्वेश्वरय्यांस पाचारण केलें. उस्मानसागर १९२० मध्यें व हिमायतसागर १९२७ मध्यें पुरे झाले. हा उपाय थोर होता यांत शंका नाहीं. पण धरणाच्या भिंतीमागें निश्चिंत झोंपतां येतेंच असें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं अपुरें असलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्यामागोमाग खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि पुण्याच्या पेठा पाण्याखालीं गेल्या.

अग्नीचें उदाहरण याहून बोलकें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजास आग लागली. पोटांत एकीकडे कापूस, एकीकडे दारूगोळा! अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं कर्तव्य करतांना पडले. त्यांच्या स्मरणार्थ आजहि दरवर्षीं त्याच दिवशीं अग्निशमन सप्ताह सुरू होतो. परंतु जहाजावर धोक्याचा लाल बावटा नव्हता, आणि भोंवतालच्या लोकांस दूर जाण्याचा इशारा वेळीं मिळाला नाहीं. शौर्य होतें, यंत्रें होतीं. चार शब्दांची सूचना तेवढी नव्हती!

आतां पुन्हा येडशीकडे वळूं. वनखात्यानें फाल्गुनापूर्वीं जाळरेषा काढावी हें योग्यच. पण रानांत पेटविलेली चूल विझवून उठणें हें भाविकाचेंच काम आहे. कडब्याची गंजी घरापासून दूर रचणें, विहिरीस कठडा बांधणें व तिच्याजवळ दोर ठेवणें, गढूळ पाणी चढूं लागतांच ओढ्यांत पाऊल न टाकणें, या गोष्टींस ना मोठा खर्च लागतो ना मोठी विद्या. १९२७ च्या वनकायद्यानें जंगलांत हक्क भोगणाऱ्यांवर वणवा विझविण्याचें बंधन घातलेंच आहे. तेव्हां दंडाचें तत्त्व अगदींच लोपलेलें नाहीं. मात्र दंडाच्या भीतीनें धांवणारा माणूस उशिरां पोंचतो. जो आधींच घागर भरून ठेवतो, तोच वेळेवर पोंचतो. आणि ही संवय मुलांस लावण्याचें काम कोणत्याहि खात्याचें नसून घराचें आहे, असें आमचें मत आहे.